बहात्तर पटींचा हिशेब : प्लॅस्टिकच्या विमानातलं हाताचं काम

आजचा विषय अक्षरशः बारीक आहे. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडलेलं विमानाचं मॉडेल, आणि त्यात किटच्या डब्याबाहेरून, स्वतःच्या हाताने घातलेला तपशील. सीटचे पट्टे, कॉकपिटमधल्या वायरी, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, असं सगळं. 'हे कसं करावं' हे सांगणारं पुष्कळ उपलब्ध आहे. आम्हाला आज समीक्षा करायची आहे. म्हणजे समोर एक मॉडेल ठेवलंय, कुणीतरी त्यावर तीन महिने घातलेत. ते चांगलं आहे का, आणि कशावरून? 'केवढी मेहनत!' हे उत्तर आज चालणार नाही. मेहनत तर वाईट मॉडेलातही तेवढीच असते.

आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात. त्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, शेजारी प्लॅस्टिकचा वाघ त्याहून मोठा, आणि तळ्यात बदक गलबताएवढं. कुणी तक्रार करत नाही. का? कारण किल्ल्याने प्रमाणाचं वचन दिलेलंच नसतं. विमानाच्या डब्यावर मात्र छापलेलं असतं : १:७२. हे वचन आहे. आतली प्रत्येक गोष्ट मूळ वस्तूच्या बहात्तराव्या हिश्शाची असेल, असा करार. हाताने घातलेला तपशील त्या करारात आपण आपल्या जबाबदारीवर लिहिलेलं पोटकलम असतं. तेव्हा तो तपासायचा तो याच कराराला धरून.

बहात्तरच का, हे थोडक्यात. इंग्रजी मापात १ इंच म्हणजे ६ फूट, म्हणजे साधारण एक उंचापुरा माणूस एक इंचाचा होतो. १९३२ मध्ये ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्‌स'ची लाकडी किटं या प्रमाणात आली, १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन'ची प्लॅस्टिकची, आणि १९५३ मध्ये एअरफिक्सची स्पिटफायर. पुढे हे प्रमाण रूढच झालं. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर, मॉडेलात तो १५६ मिलिमीटर होतो. तळहातावर मावणारं विमान.

आता हिशेब उलटा करू. किटमधल्या प्लॅस्टिकची भिंत समजा १ मिलिमीटर जाड आहे. तिला ७२ ने गुणा. ७२ मिलिमीटर. म्हणजे कॉकपिटच्या कडेचा पत्रा जवळजवळ तीन इंच जाड! घराच्या दरवाजाची फळीही एवढी नसते. पॅनलच्या सांध्याची कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर प्रत्यक्षात ती १४ मिलिमीटरची फट झाली. अशा फटींचं लढाऊ विमान आम्ही तरी पाहिलेलं नाही. सत्तरच्या दशकात मॅचबॉक्सच्या किटांवर रेघा इतक्या खोल असत, की हौशी मंडळींनी ते कोरणाऱ्या अज्ञात कारागिराला 'वेडा खंदकवाला' अशा अर्थाचं नावच पाडलं होतं.

थोडं पुढे जाऊ. मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून बघतो. बहात्तर पटीत हे अंतर होतं २१.६ मीटर. म्हणजे मॉडेल हातात धरून बघणं हे खऱ्या विमानापासून वीस-बावीस मीटरवर उभं राहून बघण्यासारखं आहे. तेवढ्या अंतरावरून रिव्हेट दिसतात का? विमानाच्या अंगावरच्या ६ मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं मॉडेलात ०.०८ मिलिमीटर होतं. ३० सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला वेगळा ओळखू येणारा सर्वांत बारीक ठिपकाही जवळपास तेवढाच. म्हणजे खऱ्या मापाचा रिव्हेट केला तर तो दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवर राहील. आणि ठळक दिसेल असा केला, तर तो खऱ्या मापाचा नसेल. साठच्या दशकातल्या कित्येक किटांवर रिव्हेट घामोळ्यासारखे उठलेले असत, ते यामुळेच खटकतात.

रिव्हेटची गोष्ट निघालीच आहे तर स्पिटफायरची वाटाण्याची डाळ सांगायलाच हवी. सपाट डोक्याचे रिव्हेट बसवणं महाग आणि वेळखाऊ. गोल डोक्याचे स्वस्त, पण हवेला अडथळा. कुठे कोणते वापरले तर चालेल? सुपरमरीनच्या लोकांनी सपाट रिव्हेटच्या विमानावर प्रत्येक रिव्हेटवर वाटाण्याच्या डाळीची एकेक पाकळी गोंदाने चिकटवली आणि विमान उडवलं. वेग ताशी वीस मैलांहून अधिक घटला. मग एकेका भागावरची डाळ काढत काढत ते उडवत गेले आणि कुठे गोल डोकं परवडतं ते ठरवलं. म्हणूनच सुरुवातीच्या स्पिटफायरच्या मागच्या धडावर गोल डोक्याचे रिव्हेट दिसतात, आणि पंखांवर सपाट. आता मॉडेल करणारा सुईचं चाक फिरवून सगळ्या विमानावर सारखेच रिव्हेट उमटवतो, तेव्हा त्याने या सगळ्या डाळीवर पाणी ओतलेलं असतं. (हशा) तपशील वाढला, माहिती मात्र पुसली गेली. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

याहून ठळक उदाहरण अमेरिकन पी-५१ मस्टँगचं. तिच्या पंखाचा आकार असा, की हवा त्यावरून जितकी गुळगुळीत जाईल तितका फायदा. म्हणून कारखान्यातच पंखांचे सांधे आणि रिव्हेट भरून घेत, आपल्याकडचे रंगारी भिंतीला लांबी भरतात तसे, मग घासून वर रंग देत. बाकीचं विमान उघड्या धातूचं चमकतं ठेवलं तरी पंखांवर चंदेरी रंग असे. आणि स्पर्धांतल्या कितीतरी मस्टँगांच्या पंखांवर आपण काय बघतो? कोरलेल्या रेघा, टोचलेले रिव्हेट, वर धुवून उतरवलेला काळपट रंग. करणाऱ्याचे हात कुशल आहेत, शंकाच नाही. पण मूळ विमानात जे मुद्दाम झाकलं होतं, ते त्याने मुद्दाम उघडं केलं. मस्टँगवर सगळ्यांत खरा तपशील म्हणजे कोरी ठेवलेली जागा. ती ठेवायला धीर लागतो, कारण परीक्षकाला 'काही केलंच नाही' असं वाटण्याची भीती असते.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग हाताने काही करूच नये की काय? तसं मुळीच नाही. उलट, हा बहात्तराचा हिशेब हाताच्या कामाच्याच बाजूने बोलतो. किटचा साचा एका मर्यादेखाली पातळ जाऊ शकत नाही. प्लॅस्टिक साच्यात शिरलं पाहिजे, भाग साच्यातून न मोडता निघाला पाहिजे. घरातल्या वस्तूंना ते बंधन नाही. डब्यात पोळ्या गुंडाळायची ११ मायक्रॉनची फॉईल घ्या. ७२ ने गुणलं की ०.८ मिलिमीटर होते. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचा पत्रा बऱ्याच ठिकाणी याच्याच आसपास होता! मागच्या कडेवर वाकलेला, पोचा पडलेला एखादा फ्लॅप किंवा आतल्या बरगडीवर चढवलेला पत्रा दाखवायचा तर फॉईलइतकं प्रामाणिक माध्यम दुसरं नाही. इंजेक्शनची २६ गेजची सुई बाहेरून ०.४६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात ३३ मिलिमीटरची नळी. तोफेच्या नळीला किंवा वेगमापकाच्या दांड्याला अगदी योग्य, आणि टोकाला खरंखुरं भोक असलेली. सुटे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात ती स्प्रूची काडी मेणबत्तीवर मऊ करून ओढली की केसासारखा तंतू निघतो. जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार घ्या. पट्ट्यांसाठी मास्किंग टेप. खरा पट्टा ४५ मिलिमीटर धरला तर पट्टी ०.६ मिलिमीटरची कापावी लागते, आणि तिथे ब्लेड नवंच हवं.

मग येतो विकतचा तपशील. आम्लाने कोरलेली पितळी पत्री, म्हणजे फोटोएच, आणि हल्ली तर छापून आलेले, उठावाचे यंत्रफलक. चेक प्रजासत्ताकातली एदुआर्द ही कंपनी या कामात जगभर नावाजलेली आहे. जाळ्या, रेडिएटरचे पडदे, बिजागऱ्या यांत पितळी पत्री हाताला हरवते, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. तथापि पत्री शेवटी सपाट असते. गोल मूठ, दांडा, नळी तिच्यात आली की इस्त्री केल्यासारखी दिसते. सीटचे पितळी पट्टे तर बहुधा ताठ उभे राहतात, जणू आत कुणी अदृश्य वैमानिक श्वास रोखून बसलाय. टेपचा पट्टा सीटवर लोळतो, वळतो, एका बाजूला सरकतो. इथे हात जिंकतो, आणि त्याचं कारण भावनिक वगैरे नाही : कापडासारखं वागणारं काहीतरी वापरलंय, इतकंच.

ऐंशीच्या दशकात फ्रान्स्वा फेर्लिंडेन या बेल्जियन कलाकाराने सगळं उघडून दाखवायची शैली लोकप्रिय केली. इंजिनाची झाकणं उघडी, दारूगोळ्याचे कप्पे उघडे, कडांना कोरड्या ब्रशने उजळ रंग. मॉडेलिंगला त्याने नाट्य दिलं, हे ऋण मोठं आहे. पण त्याच्यामागून आलेल्यांनी विमान कायमचं दवाखान्यात दाखल केलं. विमान आतून कसं असतं हे कळतं, ते जमिनीवर उभं कसं राहतं हे मात्र विसरायला होतं.

तर आमची कसोटी साधी आहे : हा तपशील मूळ विमानाबद्दल असं काय सांगतो, जे तो नसता तर कळलं नसतं? उदाहरण आपल्याच जवळचं घेऊ. मिग-२१. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा ओझरचा, म्हणजे नाशिकचा कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला. या विमानाचे एफएल, एम आणि बिस हे प्रकार तिथे बनले. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. नाशिककरांना त्याचा आवाज वेगळा सांगायला नको. पंखांचा पसारा जेमतेम ७.१५ मीटर, १:७२ मध्ये दहा सेंटिमीटरही भरत नाही. कॉकपिट तर नखाएवढं.

त्या नखाएवढ्या जागेत काय करावं? सोव्हिएत कॉकपिटचा तो हिरवट फिरोजी रंग हवाच. घड्याळांचे काटे? बावीस मीटरवरून कोण बघतंय. पण जुन्या, घड्याळी यंत्रांच्या मिग-२१ मध्ये यंत्रफलकाच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ रंगवलेली असते. ती शोभेची नाही. विमान गिरकीत सापडलं, क्षितिज फिरायला लागलं, की हातातली दांडी नेमकी मध्यावर आहे की नाही हे वैमानिकाला कळेनासं होतं. तेव्हा दांडी त्या रेघेच्या दिशेने पुढे न्यायची. इतक्या वेगवान, इतक्या अवघड विमानात कुणीतरी ब्रश घेऊन एक रेघ मारली, कारण त्या क्षणी घड्याळं वाचायला माणसाला सवड नसते. मिग-२१ मध्ये गेलेल्या तरुण वैमानिकांच्या बातम्या ज्यांनी घरी बसून वाचल्या आहेत, त्यांना या रेघेचं वजन समजावून सांगायची गरज नाही.

विकतच्या रंगीत फलकावर ही रेघ छापलेली येते, शंभर खुणांतली एक म्हणून, सगळ्या सारख्याच तीक्ष्ण. करणाऱ्याला ती काय आहे हे विचारावं लागत नाही. हाताने करणाऱ्याला मात्र ठरवावं लागतं : एवढ्याशा जागेत शंभर खुणा मावणार नाहीत, मग कोणती ठेवू? त्याने पांढऱ्या स्प्रूचा तंतू ओढून एकच रेघ बसवली आणि बाकीची घड्याळं काळ्या ठिपक्यांवर सोडली, तर आमच्या मते त्याने ते कॉकपिट वाचलं. रेघ प्रमाणाच्या हिशेबात थोडी जाड निघेल. निघू द्या. इथे आम्ही बहात्तराचा नियम वाकवायला तयार आहोत, कारण वैमानिकाच्या डोळ्यालाही तीच रेघ सगळ्यांत जाड दिसावी म्हणून मारलेली आहे. मस्टँगच्या रिव्हेटला ही सवलत आम्ही देणार नाही.

मघाशी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे : काच बंद करून चिकटवायची असेल तर आत एवढं करायचं कशाला? किटची काच जाड असते, वाकडंतिकडं दाखवते, हे बरोबर. तेव्हा काच बंद ठेवणार असाल तर पट्टे आणि ती रेघ करा, बाकी वेळ काचेला पॉलिश करण्यात घाला. आता पुढच्या टेबलावर ठेवलेली दोन मॉडेलं हातात न घेता, फूटभर अंतरावरून बघा, आणि मग प्रश्न घेऊ.