उपकार, उपकारस्तुती आणि बालमन : 'स्मृतिचित्रे'च्या निमित्ताने

मुलांना कृतज्ञता शिकवावी याविषयी कोणत्याही धर्माचे दुमत नाही. प्रश्न आहे तो ती कोणाप्रती आणि कोणत्या किमतीवर, हा. मराठीत 'उपकार' या शब्दाभोवती कर्जव्यवहाराची भाषा गोळा झालेली दिसते. उपकार 'फेडावे' लागतात, न फेडल्यास त्यांचे 'ओझे' होते, खाल्ल्या मिठाला जागावे लागते. मराठी बायबलमध्ये मात्र याच शब्दाला स्तुती जोडून झालेला 'उपकारस्तुती' हा शब्द येतो. जेवणापूर्वी ख्रिस्ती घरातील मूल ताटातील अन्नाबद्दल देवाची उपकारस्तुती करते, तेव्हा त्यात परतफेडीचा हिशेब नसतो. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे'कडे पाहावयाचे आहे.

संडे स्कूलमध्ये या विषयासाठी हमखास सांगितली जाणारी गोष्ट लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील आहे. दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानण्यास एकच परततो आणि तो शोमरोनी, म्हणजे परका असतो. शिक्षक बहुधा नऊ जणांच्या कृतघ्नतेवर बोट ठेवतात. परंतु त्या नऊ जणांचा रोग परत आला, असे शुभवर्तमान कोठेही म्हणत नाही. आरोग्य ही आभारांची किंमत नव्हती. गोष्टीचा हा अर्धा भाग मुलांपर्यंत पोहोचत नाही आणि तोच, माझ्या मते, अधिक महत्त्वाचा आहे.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याच्या विनोदाची, बोलीच्या सहजतेची चर्चा मराठी समीक्षेने भरपूर केली. त्यातील कृतज्ञतेच्या स्वरूपाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या ताटातुटीच्या काळात लक्ष्मीबाईंना सनातनी नातलगांनीच सांभाळले. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तरी त्या माणसांचे चित्र काढताना त्यांची लेखणी कडवट होत नाही. त्याचबरोबर ती त्यांना देवपणही देत नाही. हीच दृष्टी टिळकांविषयी. घरातील वस्तू, पैसा सहज देऊन टाकणारा हा कवी जगाला थोर वाटला; त्या दातृत्वानंतर चूल कशी पेटवायची हे लक्ष्मीबाईंना ठाऊक होते आणि ते त्यांनी हसत हसत लिहिले. उपकारकर्त्याचे दोष दिसणे म्हणजे कृतघ्नता, ही आपल्या संस्कारकथांची समजूत या पुस्तकापुढे टिकत नाही.

बालकवी ठोंबरे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनानंतर या कोवळ्या वयाच्या कवीला टिळकांनी आपल्या अहमदनगरच्या घरी आश्रय दिला. बालकवींनी धर्मांतर केले नाही. त्या घरानेही प्रेमाची पावती म्हणून ते मागितले नाही. मिशनकार्यावर 'अन्नासाठी धर्म' असा जो आक्षेप घेतला जातो, त्याचा विचार करताना हे घर नजरेआड करता येणार नाही. आक्षेप सर्वस्वी निराधार होता असेही म्हणता येत नाही. दुष्काळात मिशनने वाढविलेल्या मुलाला देव आणि दाता यांतील अंतर कसे कळावे? स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून 'देवाचा दरबार' उभा करण्यास आरंभ केला. भारतीय ख्रिस्ती माणसाने मिशनचे मिंधे राहू नये, ही त्यामागील तळमळ होती. आभार देवाचे मानावेत, देणाऱ्याच्या दाराशी मात्र वाकू नये, हा धडा त्यांनी आधी स्वतःला घालून दिला.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आजच्या उमरगा-लोहारा परिसरात देशविदेशांतून मदत आली. त्या वेळी रांगेत उभी राहिलेली मुले आज पालक आहेत. गणवेश, वह्या, सायकली यांच्या वाटपाचे समारंभ आपल्याकडे सर्रास होतात. त्यांत ऊसतोड कुटुंबातील मुलांना व्यासपीठावर बोलावून, छायाचित्रासाठी थांबवून, पाठ केलेले आभाराचे शब्द त्यांच्याकडून वदवून घेतले जातात. या प्रथेला आपण संस्कार म्हणतो, ते मला मान्य नाही. तेथे मुलाला शिकविली जाते ती याचना. शिजविलेले शालेय अन्न हे तर दानही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने आणि पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलाचा हक्क ठरला आहे.

हक्काच्या अन्नाबद्दलही उपकारस्तुती होऊ शकते, कारण तिचा रोख अधिकाऱ्याकडे वा पुढाऱ्याकडे नसतो. शेतकरी, पाऊस, धान्य दळणारे हात हे सारे तिच्यात येतात. शाळेच्या पडवीत धुरात बसून खिचडी रांधणारी बाईही त्यांत येते. तिचे नाव किती मुलांना ठाऊक असते, हे एकदा कोणत्याही वर्गात विचारून पाहण्यासारखे आहे.