मंगळवारचा आकडा

21 सप्टेंबर 2020, सोमवार. भिवंडीच्या नारपोलीतल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे पावणेचारच्या सुमारास कोसळली, तेव्हा त्या दिवशीचे अंक छापून गाड्यांत चढलेही होते. कागदाला ही बातमी मंगळवारीच देता आली. वेबने ती सकाळच्या चहाआधी दिली. वेग म्हणजेच वेब, असा निकाल देऊन बहुतेक जण इथेच मोकळे होतात. लिहिण्यातला आणि मांडणीतला फरक मात्र त्यानंतर दिसू लागतो.

मृतांचा आकडा सकाळी एक अंकी होता. गुरुवारी शोधकार्य थांबेपर्यंत तो चाळिशीच्या आसपास गेला. छापील आकडा हाती पडेपर्यंत शिळा झाला, हे खरे. पण अंकाच्या डोक्यावर तारीख होती. हा मंगळवारचा आकडा, हे वेगळे सांगावे लागत नव्हते. वेबवर एकच पान उघडे ठेवून त्यात भर घालता येते, जुने खोडता येते, काय बदलले तेही नोंदवता येते. कागदाला जन्मात न जमणारी ही गोष्ट. आपल्या संकेतस्थळांचा रिवाज मात्र उलटा: आकडा वाढला की नवी बातमी, नवे शीर्षक, नवा दुवा. जुने दुवे तसेच राहतात. शोध घेतला की सगळे आकडे सारख्याच ठसठशीत अक्षरांत एकाखाली एक, आणि वेळ कुठेतरी बारीक करड्या अक्षरांत. ‘अपडेटेड’ लिहिलेले असते. नेमके काय अपडेट झाले, ते सहसा नसते.

छापील पानावर मथळा एकटा नसतो. शेजारी छायाचित्र, खाली उपमथळा, बाजूला चौकट. आठ स्तंभांपैकी किती दिले यावरूनही बातमीचे वजन कळते. उपसंपादक अक्षरे मोजून मथळा बसवतो आणि त्या ओढाताणीत फापटपसारा गळून पडतो. वेबचा मथळा पानापासून तुटून व्हॉट्सॲपवर फिरतो, म्हणजे त्याने एकट्याने सगळे सांगायला हवे. घडते काय, तर सांगायचे तेच दडवून ‘वाचून धक्का बसेल’ अशी हाळी. यंत्रमागाच्या खडखडाटातून बाहेर येऊन चार मिनिटे फोन पाहणाऱ्याला हवे असते ते एवढेच: जखमींना कोणत्या रुग्णालयात नेले, रस्ता सुरू आहे का. त्याआधी त्याला एकच मजकूर शीर्षकात, फोटोओळीत आणि पहिल्या परिच्छेदात वाचावी लागते, मधे दोन जाहिराती ओलांडून.

अक्षरांच्या बाबतीत मात्र वेबने मोठी मजल मारली. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक वृत्तपत्राच्या स्थळाचा फॉन्ट निराळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला, पुढे ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेच्या मंडळींनी खुले, मोफत फॉन्ट दिले. तरी ओळींमधले अंतर पुष्कळदा इंग्रजीच्या मापानेच राहते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. ‘दुसऱ्या’तला ऱ्या तर दोन प्रकारे टंकता येतो: डोळ्याला एकच, यंत्राला वेगळे. एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला लेख हाती लागेलच असे नाही. खिळे जुळवणाऱ्याला ही डोकेदुखी कधीच नव्हती.

दिवाळी अंकांचे काय? ‘आवाज’ची खिडकीचित्रे आठवा: कापलेल्या चौकोनातून काहीतरी चावट दिसते, पान उलटले की सगळे सोज्वळ. त्या विनोदात व्यंगचित्रकाराइतकाच कागद कापणाऱ्याचा वाटा. पडद्याचा असा स्वतःचा, दुसरीकडे नेताच न येणारा विनोद माझ्या तरी पाहण्यात नाही. काही ऑनलाइन अंकांनी ध्वनी आणि चित्रफिती जाणतेपणाने वापरल्या आहेत. बाकीच्यांत छापील अंकाची पीडीएफ चढवणारेच पुष्कळ. दोन बोटांनी पान ताणत, डावी-उजवीकडे सरकवत कविता वाचावी लागते, आणि संपादकीयात ‘डिजिटल अंक’ काढल्याचा अभिमान असतो.