हीटसिंक पुरतो, पण कोणत्या खोलीत?

संगणकाचा प्रोसेसर कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या खटाटोपाची आवड असलेल्यांच्या तोंडी एक दावा हमखास असतो : 'खोक्यातून आलेला मूळ हीटसिंक पुरतो. तासभर चालवून पाहिले, तापमान ऐंशीच्या वर गेले नाही.' अकरावी-बारावीचा एखादा विद्यार्थी हा दावा ऐकून येतो आणि विज्ञानाच्या शिक्षकांना विचारतो, की हे खरे का? त्या दाव्याची तपासणी येथे करायची आहे. दावा खोटा नाही, पण अपुरा आहे. आणि त्यात जी गोष्ट राहून जाते, तीच उष्णतेच्या धड्यातही आपल्या हातून बऱ्याचदा राहून जाते.

प्रथम हीटसिंकचे काम पाहू. प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सर्व विद्युतऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. चिप नखाएवढी. तिच्यावर धातूचे झाकण, झाकणावर पेस्टचा पातळ थर, त्यावर ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा आणि वर पंखा, अशी ही उतरंड असते. दोन धातूंच्या पृष्ठभागांमधील बारीक फटींत हवा राहिली तर ती उष्णता अडवते, म्हणून पेस्ट लावतात. चिपपासून पात्यांपर्यंत उष्णता वहनाने जाते आणि पात्यांवरून ती पंख्याची हवा उचलते. प्रारणाचा वाटा येथे नगण्य असतो. म्हणजे उष्णतेच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा खोलीतील हवेवर सोपवलेला असतो. ही हवाच दाव्यातून गळालेली आहे.

दाव्याला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवरील मूळ घड्याळ ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केले, की साडेचारच्या गुणकामुळे तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चाले. आणि अनेकांकडे तो सोबत आलेल्या हीटसिंकवरच चालला. यात जादू नव्हती. त्याची उष्णता वीस वॉटच्या आसपास होती. विद्युतदाब न बदलता वेग दीडपट केला तर उष्णताही साधारण दीडपट, म्हणजे तीस वॉटच्या घरात जाई. एवढी उष्णता तो छोटा ठोकळा बाहेर टाकू शके. त्या यशाची कीर्ती पुढे सर्व प्रोसेसरांना लागू झाली, पण त्यामागचा हिशेब काही सोबत गेला नाही.

हिशेब असा. प्रोसेसरमधील लक्षावधी सूक्ष्म कळा उघडझाप करताना जी शक्ती खर्च होते, ती वेगाच्या सम प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढते. वेग वाढवला, की चिप अडखळू लागते. तिला स्थिर ठेवण्यासाठी विद्युतदाबही वाढवावा लागतो. वेग १० टक्के आणि दाब १० टक्के वाढवला, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे १.३३. वेगात दहा टक्के लाभ, उष्णतेत तेहेतीस टक्के वाढ. शिवाय चिप तापली, की गळतीचा प्रवाह वाढतो आणि उष्णतेत आणखी भर पडते.

आता खरा आक्षेप. 'ऐंशी अंश' हे उत्तर झाले. खोली किती अंशांची होती? हीटसिंक तापमान ठरवत नाही, तो फक्त तापमानातला फरक ठरवतो. ओहमचा नियम आठवा. विद्युतप्रवाहाच्या जागी उष्णतेचा प्रवाह वॉटमध्ये, विभवांतराच्या जागी तापमानातील फरक, आणि रोधाच्या जागी हीटसिंकचा औष्णिक रोध, म्हणजे दर वॉटमागे किती अंशांचा फरक पडतो तो आकडा.

उदाहरणापुरते असे धरू, की प्रोसेसर ६५ वॉटचा आहे, हीटसिंकपाशी येणारी हवा २४ अंशांची आहे आणि पूर्ण कामात प्रोसेसर ७४ अंशांवर स्थिरावतो. फरक ५० अंश. आता वर सांगितल्याप्रमाणे वेग व दाब वाढवला. फरक १.३३ पट, म्हणजे सुमारे ६६ अंश होईल आणि तापमान ९० वर जाईल. एएमडीच्या २०१९ सालच्या रायझेन ५ ३६०० या ६५ वॉटच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. म्हणजे ९० अंशांना दावेदार म्हणेल, 'पुरतो.' त्याचे चुकत नाही. आता तोच संगणक ४० अंशांच्या हवेत ठेवा. मूळ वेगावर तापमान ९० अंश, चालेल. वाढीव वेगावर १०६ अंश, मर्यादा ओलांडली. नुसता उन्हाळा सोसतो, नुसता वाढीव वेगही सोसतो. दोन्ही मिळून सोसत नाहीत.

बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. पेंटियम ४ च्या काळात इंटेलने कॅबिनेटसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत खोली ३५ अंशांची आणि प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा फार तर ३८ अंशांची धरली होती. २०१५ साली त्याच कंपनीने वेग वाढवण्यास मोकळे ठेवलेले ६६०० के आणि ६७०० के हे प्रोसेसर बाजारात आणले, ते हीटसिंकशिवाय. ज्याला वेग वाढवायचा आहे त्याने मोठा हीटसिंक स्वतः निवडावा, असा त्याचा सरळ अर्थ घेता येतो.

हे ३५ अंश बुलढाणा जिल्ह्यात आणून पाहू. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा सरळ दुभागलेला आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच. राजूर घाट उतरून मलकापूरला गेले, की आपण पूर्णेच्या खोऱ्यात अडीचशे मीटरच्या आसपास येतो. चारशे मीटरच्या या उतरणीत दुपारचे तापमान तीन-चार अंशांनी वाढते. मे महिन्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात ४२-४३ अंशांचे कोणाला नवल वाटत नाही. पत्र्याच्या छताखालची संगणक-खोली आणि बंद कॅबिनेट यांची भर वेगळीच. घाटावर हवा थंड, पण विरळ असते. पंखा हवेचे ठरावीक आकारमान ढकलतो. उष्णता मात्र हवेचे वस्तुमान वाहून नेते. ६५० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ७ टक्के कमी असते. म्हणून एकाच संगणकाचे घाटावरचे आणि घाटाखालचे आकडे सारखे येणार नाहीत.

यावर कूलरचा उपाय सुचवला जाईल. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर खोलीचे तापमान खरोखर बरेच उतरवतो. पण वीज गेली, की कूलर थांबतो आणि संगणक यूपीएसवर चालू राहतो. आधीच काठावर असलेल्या प्रोसेसरला तेवढा वेळ पुरेसा आहे. शिवाय आपला प्रदेश कापसाचा. धूळ आणि तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकले, की हवेची वाट बुजते आणि दर वॉटमागचा फरक वाढतो. तासाभराच्या चाचणीत वर्षभराची धूळ कशी दिसणार?

मर्यादा ओलांडली तर काय होते? पूर्वीचे संगणक गोठून जात किंवा बंद पडत. निदान कळे तरी. आजचे प्रोसेसर गुपचूप आपला वेग कमी करून स्वतःला सांभाळतात. वापरणारा समजतो, की वाढवलेला वेग मिळतो आहे. प्रत्यक्षात तो दुपारी परत गेलेला असतो. मूळ हीटसिंकचा यात दोष नाही. ज्या वेगासाठी आणि ज्या खोलीसाठी तो घडवला, तेथे तो आपले काम चोख करतो. दोष निकाल सांगण्याच्या पद्धतीत आहे.

आणि तो दोष आपल्या वर्गातही आहे. वहन, अभिसरण, प्रारण यांच्या व्याख्या आपण पाठ करून घेतो. पण 'कोणाच्या तुलनेत किती गरम?' हा प्रश्न विचारायची सवय लावत नाही. ती लावण्यासाठी शाळेतला कोणताही संगणक चालेल. वेग वाढवू नये. त्यातून होणारे नुकसान कंपन्यांच्या हमीत बसत नाही, आणि त्याची येथे गरजही नाही. संगणक सुरू करून सेटअपच्या पडद्यावर अर्धा तास ठेवावा. बहुतेक संगणकांत तेथे प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. कॅबिनेटच्या हवा घेणाऱ्या जाळीपाशी साधा तापमापक धरावा. सकाळी सात, दुपारी बारा आणि तीन वाजता दोन्ही आकडे लिहून वजाबाकी करावी. प्रोसेसरचे तापमान दिवसभरात चढेल, पण फरक जवळजवळ तोच राहील. पंखा आपोआप जोरात फिरू लागला, तर फरक किंचित कमी होईल. फेऱ्यांच्या नोंदीवरून त्याचे कारणही मुलांनाच सापडेल. एक शाळा घाटावरची आणि एक घाटाखालची मिळाली तर उत्तमच.

हे एकदा हाताने केलेला विद्यार्थी पुढच्या वेळी 'ऐंशीच्या वर गेले नाही' हे वाक्य ऐकून गप्प बसणार नाही. खोली किती अंशांची होती, विद्युतदाब किती वाढवला, चाचणी किती वेळ चालली आणि शेवटपर्यंत वेग टिकला का, हे चार प्रश्न तो विचारील. चारही उत्तरे मिळाली, तर दाव्यावर चर्चा करता येईल. न मिळाल्यास, तो आकडा कोणत्या खोलीचा आहे हे कळेपर्यंत आपल्या संगणकाला त्याचा उपयोग नाही, एवढे त्याला समजले म्हणजे उष्णतेचा धडा झाला.