कात्री कोणाकडे, शिट्टी कोणाकडे

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच शिक्षकांनी एकच गोष्ट विचारली. जागतिक विषमता, न्याय्य व्यापार वगैरे मुलांना शिकवायचं तर खेळ वापरावेत का? वापरावेत. आम्ही काही वर्षं वापरतो आहोत. पण आज खेळांची जाहिरात करायची नाही. एक गाजलेला खेळ घेऊ, तो मुलांना कुठवर नेतो आणि कुठे अर्ध्या वाटेत सोडतो ते बघू. त्यात आमची एक चूकही सांगावी लागेल.

मे महिन्याच्या सुट्टीत 'व्यापार' तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळलेला असणार. कागदी नोटा, शहरांचे पत्ते आणि बँकेत बसलेली मोठी ताई. त्याचं मूळ मोनोपॉलीत आहे, आणि मोनोपॉलीचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये. १९०४ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. जमिनीच्या भाड्यावर एकजण कसा गबर होतो आणि बाकीचे कसे कफल्लक होतात, हे लोकांना दिसावं म्हणून त्यांनी तो रचला होता. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने त्या खेळाचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं. आणि जगाने त्या खेळातून काय उचललं, तर दुसऱ्याला कफल्लक करण्यातली मजा! खेळ रचणाऱ्याचा हेतू आणि खेळणाऱ्याने घेतलेला धडा एकच असतो असं नाही, हे इथे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

'व्यापार'मध्ये सगळ्यांना सुरुवातीला सारखेच पैसे मिळतात. खऱ्या जगात तसं नसतं. ब्रिटनमधल्या 'ख्रिश्चन एड' संस्थेचा 'ट्रेडिंग गेम' नेमका इथे वेगळा पडतो. मुलांचे गट पाडायचे, प्रत्येक गट म्हणजे एक देश. काही गटांच्या पाकिटात कात्र्या, पट्ट्या, कंपास, गुण्या, बऱ्यापैकी नोटा, पण कागद जेमतेम. काहींकडे कागदच कागद, कात्री नाही. ठरलेल्या मापाचे त्रिकोण, वर्तुळं, आयत कापायचे आणि बँकेच्या टेबलावर नेऊन विकायचे. माप चुकलं की माल परत. मधूनच शिट्टी वाजते, संचालक जाहीर करतो की आजपासून वर्तुळाचा भाव उतरला, त्रिकोणाचा चढला. सामान म्हणाल तर दुकानातून शे-दोनशे रुपयांत येतं. एवढ्या स्वस्तात वसाहतवादाचा इतका नेमका नकाशा मांडणारं दुसरं साधन आम्हाला माहीत नाही.

आम्ही हा खेळ पहिल्यांदा एका तालुक्याच्या गावी, अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर घेतला. पहिली पाच मिनिटं कागदवाले गट नुसते बसून होते. मग एक मुलगी उठली आणि कात्रीवाल्यांकडे दहा कागद देऊन पाच मिनिटांसाठी कात्री मागितली. त्यांनी वीस मागितले. तिने दिले. एका पोराने कंपास खिशात घातला. कात्रीवाल्या गटात आपोआप एक मुकादम तयार झाला आणि तो बाकीच्यांना कामाला लावू लागला. यातलं काहीही आम्ही सांगितलेलं नव्हतं. तासभर भाषण देऊन जे होत नाही ते वीस मिनिटांत झालं, हे आम्ही आजही म्हणतो.

मग तक्रार काय? तक्रार तीन पातळ्यांवर आहे. पहिल्या दोन थोडक्यात सांगतो.

एक, या खेळातला कागद नासत नाही. कात्रीवाल्यांनी भाव पाडला तर कागदवाले खुशाल हटून बसू शकतात. कांदा पिकवणारा किती दिवस हटून बसेल? त्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी असते, वर आभाळ असतं. खेळात उधारी नाही, ऋतू नाही, आणि कागद कोणी पिकवलेलाच नाही, तो पाकिटातून येतो. ही उणीव काही संगणकी खेळांनी भरून काढली आहे. डेन्मार्कमधल्या 'थर्ड वर्ल्ड फार्मर'मध्ये दर वर्षाला काहीतरी आदळतंच. २००६ साली ब्रुकलिनच्या शाळकरी मुलांनी 'ग्लोबल किड्स' आणि 'गेमलॅब'बरोबर केलेल्या 'आयिटी' खेळात हैतीमधलं एक कुटुंब चार वर्षं जगवायचं असतं. पोराला शाळेत घालावं की मजुरीला, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. दारिद्र्य त्यात नीट बोचतं. पण या खेळांत गरीब घर एकटंच असतं. समोर खरेदीदार दिसत नाही. 'ट्रेडिंग गेम'मध्ये तो निदान त्याच खोलीत, पलीकडच्या बाकावर बसलेला असतो.

दोन, हुशारीचा प्रश्न. प्रत्येक वेळी एखादा कागदवाला गट चलाखीने वर येतो. शेवटी मुलं म्हणतात, "बघा सर, डोकं लावलं की होतं." मॅगीबाईंचं जे झालं तेच इथे होतं. विषमता दाखवायला निघालेला खेळ घासाघीस शिकवून थांबतो.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते खरी. खेळाच्या मध्यावर आम्ही शिट्टी वाजवली आणि वर्तुळाचा भाव निम्म्यावर आणला. कागदवाल्या एका गटाने नेमकी वर्तुळंच कापून ठेवली होती. त्यांच्यातला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पण भाव तुम्ही कोण ठरवणार?" आम्ही हसून म्हणालो, "खेळाचा नियम आहे, बस खाली." तो बसला. नंतर कळलं की त्याच्या घरी कापूस आहे.

न्याय्य व्यापाराचा सगळा वाद ज्या प्रश्नावर उभा आहे, तो प्रश्न त्या पोराने विचारला होता, आणि तो धडा शिकवायला आलेल्या आम्हीच त्याला गप्प केलं. चूक आमची होतीच. पण खेळाची रचनाही तिला वाव देते. पाकिटांतली विषमता गटागटांत भांडायला मोकळी आहे; बँकेचं टेबल मात्र वादाच्या बाहेर. तिथे बसणारा शिक्षक. शिक्षकाला कोण विचारणार? मुलांच्या लेखी भाव म्हणजे हवामान होऊन जातो.

इतिहास तर उलटं सांगतो. कॉफीचंच घ्या. आंतरराष्ट्रीय कॉफी करारात देशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिलेले होते, त्यामुळे भाव बराचसा धरून राहायचा. जुलै १९८९ मध्ये ते कोटे मोडले आणि भाव काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास आले. हे हवामानाने केलं नव्हतं, वाटाघाटीच्या टेबलावर झालं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' हा पहिला फेअरट्रेड शिक्का मेक्सिकोच्या कॉफीवर लागला. (नाव १८६० च्या डच कादंबरीतलं, जावा बेटावरच्या शोषणाबद्दलची.) या शिक्क्याचा गाभा दोनच गोष्टींत आहे. बाजार कितीही पडला तरी एक किमान भाव, आणि वर सहकारी संस्थेला सामायिक कामासाठी थोडा अधिभार. धुतलेल्या अरॅबिका कॉफीचा किमान भाव २०२३ मध्ये पौंडाला १.४० डॉलरवरून १.८० डॉलर झाला. अधिभार २० सेंट. किती वर्षं तो १.४० वरच होता, आणि तेवढ्यात मजुरी-खतं कुठे गेली, हाही प्रश्न वर्गात यायला हवा.

पुढच्या वेळी आम्ही खेळात 'किमान भावाची पावती' घातली. कागदवाल्या गटांना पावत्या दिल्या, पण मोजक्याच. एका पावतीवर तीनच नग किमान भावाने जाणार, बाकीचे चालू भावाने. कारण प्रत्यक्षातही असंच आहे. शिक्का मिळालेल्या अनेक संस्थांचा सगळा माल फेअरट्रेडच्या अटींवर उचलला जात नाही. मागणी तेवढी नसते. खेळात काय झालं? एकाच गटातली मुलं आपसांत भांडू लागली, किमान भावाने कोणाचे तीन नग जाणार म्हणून. शिक्क्याची मर्यादा समजावून सांगायला यापेक्षा चांगला तक्ता आम्हाला काढता आला नसता. शिक्क्याचं चॉकलेट घ्या आणि शेतकऱ्याला मदत करा, असल्या गोड शेवटाची सोय मग उरत नाही.

तो गोड शेवट मुळात कोणासाठी आहे, हेही बघा. हा खेळ ब्रिटनमधल्या, म्हणजे विकत घेणाऱ्या बाजूच्या मुलांसाठी रचलेला आहे. त्यांना विकणाऱ्याच्या जागी बसवलं की धक्का बसतो, आणि तो बसायलाच हवा. पण आमच्या वर्गातली निम्मी पोरं विकणाऱ्या घरची. बापाबरोबर मोंढ्यात गेलेली. हमाली, तोलाई वजा होऊन पट्टीवर काय उरतं ते पाहिलेली. त्यांना कागदवाल्या गटात बसवून आपण नवीन काय दाखवतो? आमच्याकडे तर 'रास्त भाव' हा शब्दही दोन तोंडांचा आहे. रास्त भाव दुकान म्हणजे रेशनचं, तिथे रास्तपणा घेणाऱ्याच्या बाजूचा. आणि शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतीमालाला रास्त भाव मागितला तो पिकवणाऱ्याच्या बाजूने, उत्पादन खर्च धरून. एकच शब्द, दोन टोकं. हा ताण ब्रिटिश पाकिटात येत नाही, तो आपणच घालायला हवा. कापसाच्या घरच्या मुलाला बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध तक्रार मांडली हे सांगितलं, की त्याला दया येत नाही. तो विचारतो, मग त्यांना काय मिळालं? तिथून वर्ग सुरू होतो.

म्हणून अलीकडे आम्ही दोन बदल करतो. खेळ चाळीस मिनिटांचा असेल तर नंतरची चर्चाही चाळीस मिनिटांची ठेवतो. शाळेची घंटा नेहमी चर्चेवरच पडते, खेळावर नाही. आणि दुसऱ्या फेरीत बँकेची खुर्ची रिकामी ठेवतो, शिट्टी टेबलावर. भाव कोण आणि कशावरून ठरवणार ते गटांनी ठरवायचं. गेल्या खेपेला कात्रीवाले म्हणाले, आमचा माल जास्त, तर आमची मतं जास्त. कागदवाले म्हणाले, गटाला एक मत. एका मुलीने सुचवलं की आधी प्रत्येक त्रिकोणाला किती वेळ लागतो ते मोजू. मोजायला घेतलं तर उधार कात्रीचं भाडं खर्चात धरायचं की नाही, यावरून पुन्हा जुंपली. वेळ संपेपर्यंत एकही त्रिकोण विकला गेला नाही, आणि शिक्षिका आमच्यावर जरा नाराज होत्या की खेळ झालाच नाही म्हणून.

त्यांचं म्हणणं आम्ही खोडून काढलं नाही. काही मुलं खरंच कंटाळली होती. आता तुमचे प्रश्न घेऊ.