एनदोरची रात्र

बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला अठ्ठाविसावा अध्याय वाचताना सहाव्या वचनापाशी मी दर वेळी थबकतो. पलिष्ट्यांची छावणी शूनेमला पडली आहे. ती पाहून गिलबोवावर तळ दिलेल्या शौल राजाचं काळीज थरथरतं. तो परमेश्वराला विचारतो. उत्तर येत नाही. स्वप्नातून नाही, उरीमकडून नाही, संदेष्ट्यांकडूनही नाही. कथाकार एकामागून एक बंद झालेली दारं मोजतो आणि पुढे जातो.

हिब्रूत ‘शौल’ म्हणजे ‘मागितलेला’. मागणे आणि विचारणे या दोन्हींसाठी तिथे एकच धातू आहे. पुस्तकाच्या आरंभी शिलोला निपुत्रिक हन्ना नुसते ओठ हलवत मूल मागते, तिथेही हाच धातू घुमतो. तिला शमुवेल मिळतो. आणि ज्याच्या नावातच मागणं आहे, त्या राजाची ओंजळ रिकामी राहते.

उरीम तरी कसं बोलणार? देवाचा कौल घ्यायचं ते साधन याजकाच्या एफोदाबरोबरचं, म्हणजे त्याच्या विधीच्या वस्त्राबरोबरचं. ज्याला तो वैरी समजत होता त्या दावीदाला मदत केली म्हणून शौलाने नोबच्या ८५ याजकांना मारायचा हुकूम दिला होता. त्याच्या स्वतःच्या शिपायांचे हातसुद्धा उठले नव्हते, ते काम अदोमी दवेगाने केलं. वाचलेला अब्याथार एफोद घेऊन दावीदाकडे गेला. देवाला विचारायची वाट राजाने आपल्याच हुकमाने बुजवली होती. बायबलमधलंच इतिहासाचं पहिलं पुस्तक तर म्हणतं, की शौलाने परमेश्वराकडे धाव घेतलीच नाही. मला शमुवेलाच्या पुस्तकातली गोष्ट अधिक खरी वाटते, कारण ती अधिक कठोर आहे: माणूस विचारतो आणि तरीही शांतता.

या शांततेचं मूळ पंधराव्या अध्यायात आहे. अमालेकी शत्रूंचं काहीही राखू नकोस, ही संदेष्टा शमुवेलाने शौलाला सांगितलेली परमेश्वराची आज्ञा. (ती आज वाचताना अंगावर काटा येतो, हे लपवण्यात अर्थ नाही.) शौलाने अगाग राजाला आणि चांगली गुरंमेंढरं राखली. मी आज्ञा पाळली, असं तो सांगत असतानाच मेंढरांचा आवाज शमुवेलाच्या कानी पडतो. हिब्रूतला ‘शामा’ हा धातू कानांनी ऐकण्यासाठी आणि आज्ञा मानण्यासाठीही येतो. मराठी वाचकाला हे वेगळं समजवावं लागत नाही. ‘पोरगं ऐकत नाही’ असं आपली आई म्हणते, तेव्हा तिला तेच म्हणायचं असतं. शौलाने ऐकलं ते लोकांचं. पाठ फिरवलेल्या शमुवेलाचा झगा त्याने धरला, तो फाटला, आणि राज्यही असंच फाटून गेल्याचं त्याला कळलं.

सगळी दारं बंद झाल्यावर शौल वेष पालटून एनदोरला, मृतांना बोलावणाऱ्या एका बाईकडे जातो आणि मरण पावलेल्या शमुवेलाला बोलवायला सांगतो. झगा पांघरलेला म्हातारा दिसतो, एवढंच ती सांगते, आणि म्हणूनच तो त्याला ओळखतो. ज्यांना त्याने देशाबाहेर घालवलं होतं, त्यांच्यातलीच ती एक. शमुवेल नवं काहीच सांगत नाही. जुनाच निकाल, फक्त त्याला आता दिवस ठरला आहे: उद्या.

शौल जमिनीवर आडवा पडतो. दिवसभर, रात्रभर पोटात अन्न नाही. तेव्हा ती बाई म्हणते, जीव तळहातावर घेऊन मी तुझं ऐकलं, आता तू माझं ऐक. तोच धातू. शौल आधी नाही म्हणतो, मग ऐकतो. ती घरातलं पोसलेलं वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते. राजा आणि त्याची दोन माणसं जेवतात, उठतात आणि त्याच रात्री निघून जातात.