पाटीवर झाडाचं नाव आहे, माणसाचं नाही

निसर्गवाटेवरच्या पाट्यांचा साचा ठरलेला असतो. वर मराठी नाव, खाली लॅटिन नाव, मग कूळ आणि शेवटी एक ओळ: आदिवासी या झाडाचा औषधासाठी उपयोग करतात. आपण वाचतो, फोटो काढतो, पुढे जातो. पण निसर्गवाट हाही एक मजकूरच आहे, चालत चालत वाचायचा. कवितेची समीक्षा होते, सिनेमाची होते, मग या शेवटच्या ओळीची का नको?

या ओळीतले ‘आदिवासी’ म्हणजे नेमके कोण? एकट्या ठाणे-पालघर पट्ट्यात वारली आहेत, कातकरी आहेत, ठाकूर, मल्हार कोळी, महादेव कोळी, कोकणा आहेत. सगळे एकच झाड एकाच कामाला वापरतात का? झाडाचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कशासोबत, किती? पाटी यातलं काहीच सांगत नाही. ‘करतात’ हे क्रियापद वर्तमानकाळाचं असलं तरी ऐकू येतं भूतकाळासारखं, संग्रहालयातल्या काचेमागून आल्यासारखं.

आता याच ज्ञानाचं दुसरं रूप बघा. भिवंडीचा धामणकर नाका म्हणजे ट्रक, रिक्षा आणि आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट. पाऊस सुरू झाला की अशा नाक्यांवर आसपासच्या पाड्यांतल्या बायका टोपल्या घेऊन बसतात. सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी. शेवळांच्या जुडीसोबत काकडांची छोटी हिरवी फळं ठेवलेली असतात. ती शोभेला नसतात. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, नीट न शिजवता खाल्लं तर घसा खाजतो. म्हणून त्यात काकडांचा आंबटपणा घालतात. नवख्या गिऱ्हाईकाला विकणारी मावशी हे बजावून सांगते. तिच्या एका वाक्यात कृती असते, ऋतू असतो, धोका असतो आणि सांगणारं माणूसही असतं. पाटीच्या वाक्यात यातलं काहीच नसतं.

याचा अर्थ नाका म्हणजे स्वर्ग, असा नाही. तिथे आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. ज्या ज्ञानाची पाटी वाचून भारावतो, तेच ज्ञान टोपलीत दिसलं की महाग वाटतं. पण निदान तिथे ज्ञान आणि ते असणारा माणूस यांची ताटातूट झालेली नसते.

ही ताटातूट पाट्यांनी सुरू केलेली नाही. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिआनम. फोडशीसुद्धा क्लोरोफायटमच. ‘बोरिविलिआनम’ म्हणजे आपल्या बोरिवलीचं. नावात गाव आलं, आणि नावापुढे ते देणाऱ्या सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांची नावं आली. शास्त्राचा तो नियमच आहे आणि त्यात गैर काही नाही. पण ही रोपं पिढ्यान् पिढ्या ओळखणाऱ्या, खणणाऱ्या, खाणाऱ्या माणसांसाठी त्या नियमात जागाच नाही. पाटीवर मात्र ती करता आली असती.

हे शक्य आहे, याचा पुरावा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. कोचीचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात इट्टी अच्युदन या वैद्याची साक्ष त्याच्या नावानिशी आणि त्याच्याच लिपीत आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांची कोंकणीतली साक्ष नागरी लिपीत आहे. व्हॅन ऱ्हीड काही संत नव्हता, व्यापारी साम्राज्याचा माणूस होता. त्या ग्रंथातही झाडावर चढून फांद्या तोडून आणणाऱ्यांची नावं नाहीत. तरी माहिती कोणी दिली हे छापायला हवं, एवढं त्याला कळलं होतं. आपल्या आजच्या पाटीला तेवढंही जमू नये?

प्रश्न फक्त श्रेयाचा असता तर एक नाव वाढवून भागलं असतं. पण प्रश्न हक्काचा आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी दिली, आणि जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्कही मान्य केला. या दोन कायद्यांच्या मध्ये माणसं अडकलेली आहेत. ‘उपयोग करतात’ म्हणणारी पाटी आणि तोच उपयोग करणाऱ्याला हटकणारा पहारेकरी एकाच वाटेवर भेटू शकतात.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर जर्व्हिस बे इथे बुडेरी राष्ट्रीय उद्यान आहे. 1995मध्ये तिथल्या जमिनीची मालकी रेक बे या आदिवासी समूहाला परत मिळाली. उद्यान खात्याने ती त्यांच्याकडून भाडेपट्ट्याने घेतली आणि व्यवस्थापन मंडळात बहुमत त्या समूहाचं आहे. तिथल्या वनस्पती उद्यानात झाडांचे पारंपरिक उपयोग समजून घेता येतात, पण ते सांगणारे तिथले मालक आहेत. काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं, हे ठरवायला त्यांना जागा आहे. माझ्या मते चांगल्या निसर्गवाटेची खरी कसोटी हीच. पाटीचा कागद किती गुळगुळीत आणि क्यूआर कोड स्कॅन होतो की नाही, हे नंतरचं.

आपल्याकडे जमिनीची मालकी लगेच बदलणार नाही. पाटी मात्र बदलता येईल. झाडाचं वारली किंवा कातकरी नाव लिहा. माहिती कोणत्या पाड्यातून आली ते त्यांना विचारून लिहा, आणि ते नको म्हणाले तर ती माहितीच लिहू नका. आणि शेवटी एक ओळ वाढवा: हे झाड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते इथून घ्यायची मुभा आहे की नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तर तेही छापा.