गणेशखिंडीची वाट घाटातून जाते

लोणावळ्यात बसून पुण्याच्या गणेशखिंडीतल्या घराबद्दल बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. पण आमचं म्हणणं असं, की त्या घराची गोष्ट इथूनच सुरू करावी लागते.

आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून जी ओळखतो, ती मूळची मुंबईच्या गव्हर्नरची पुण्याची कोठी. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत काम निघालं, 1871 पर्यंत पुरं झालं; आराखडा जेम्स ट्रबशॉचा. दगडी भिंती, कमानी, इटालियन वळणाचा उंच मनोरा. वास्तुशैलीवर लिहिणारे इथं थांबतात. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही.

त्याआधी गव्हर्नर दापोडीच्या बंगल्यात राहत. मग बंगला अपुरा का पडू लागला? 1858 साली पुणे ते खंडाळा गाडी आली, पण घाटात खंड होता. 1863 मध्ये बोरघाट खुला झाला आणि सरकारी लवाजम्याला मुंबईहून पुण्याला येणं सोपं झालं. त्या घाटात हजारो मजूर मेले, बरेचसे साथींनी. त्यात भर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत आलेल्या कापसाच्या पैशाची. 1865 ला तो फुगा फुटला, कोठीचा खर्च मात्र चालूच. पार लंडनच्या पार्लमेंटात बोंब झाली.

आता बघा. बंगल्याची पडवी पाऊस अडवते, माणसाला बाहेर बसू देते. मनोरा यातलं काहीच करत नाही. तो फक्त दुरून दिसतो. म्हणून सौंदर्याच्या बाजूनेही आमची थोडी तक्रार आहे. डौल आहे, नाकारत नाही. पण हा डौल राहणाऱ्यासाठी कमी आणि बघणाऱ्यासाठी जास्त. शहराबाहेर, मोकळ्या माळावर तो कुणाला दिसावा असं वाटत होतं, हे विचारलं की शैलीची चर्चा राजकारणाची होते.

1949 साली विद्यापीठ निघालं आणि तिथं पोरं शिकू लागली. वास्तू टिकली ती वापरामुळे, हे बरंच झालं. पण टिकवलं काय? दगड टिकला. आम्ही कित्येक वर्षं त्या मनोऱ्याखालून ये-जा केली, दिवाणखान्याचं छत मान वर करून पाहिलं. 22 जून 1897 च्या रात्री राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून रँडची बग्गी याच आवारातून निघाली आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी तिला गाठलं, हे आम्हाला पाठ होतं. फक्त पायाखालची वाट तीच आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.